पिवळ्या दिव्याखालची देवयानी

आमच्या गल्लीच्या टोकाला, खाडीकडे जाणाऱ्या वाटेवर, सोडियमचा एक पिवळा दिवा उरला होता. बाकीचे केव्हाच पांढरे एलईडी झाले, हा एक कसा कोण जाणे राहून गेला. गेल्या पावसाळ्यानंतर तोही बदलला. गल्ली खूश आहे. गाडी लावताना बरं पडतं, रात्रपाळीहून येणाऱ्या बायकांना भीती वाटत नाही. हे सगळं मला मान्य आहे. तरी मला त्या दिव्याचं सुतक लागलं. कांदिवलीतल्या चारकोपच्या गच्चीवरून देवयानी दीर्घिकेचे फोटो काढणाऱ्याचं दुःख चारकोपमध्ये दुसऱ्या कुणाला कळावं अशी अपेक्षाही नाही. म्हणून हा मागोवा.

सुरुवातीची वर्षं पटकन उरकतो. ऐंशीच्या दशकात म्हाडाने जागतिक बँकेच्या पैशातून इथे लहान लहान भूखंड पाडले, त्यात आम्हाला एक बैठं घर मिळालं. तेव्हा तिवरांच्या बाजूला काळोख मुबलक होता, पण आमच्याकडे कॅमेरा नव्हता. नव्वदीत खगोल मंडळाबरोबर वांगणीला रात्री जागवल्या, तेव्हा कॅमेरा होता पण तो फिल्मचा. कॅमेरा आकाशाबरोबर फिरावा म्हणून माउंट घरीच केलेलं: दोन फळ्या, मध्ये बिजागरी आणि बिजागरीपासून २२९ मिलिमीटरवर एक सहा मिलिमीटरचा बोल्ट. तो मिनिटाला एक फेरा या हिशेबाने हाताने फिरवला की वरची फळी आकाशाच्या वेगाने उघडत जाते. एवढं करून रोल धुवायला टाकावा, तर लॅबवाला 'सगळे काळे आलेत' म्हणून प्रिंटच काढायचा नाही. त्या काळाबद्दल लोक गहिवरून बोलतात. मला गहिवर येत नाही.

हौशी माणसाने देवयानीच्या मागे लागणं हे काही आमच्यापासून सुरू झालेलं नाही. तिच्या वळणांचा पहिला स्पष्ट फोटो काढला तो आयझॅक रॉबर्ट्स या बांधकाम व्यावसायिकाने, २९ डिसेंबर १८८८ला, ग्रब यांच्या २० इंची दुर्बिणीने. ग्रब यांचीच २० इंची दुर्बीण त्याच सुमारास आपल्या पुण्यात कावसजी नायगमवाला यांच्या वेधशाळेतही आली. १९१२ला ते निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली आणि दुर्बीण कोडाईकनालला गेली. पुणेकर एवढ्या तेवढ्यावरून भांडतात, यावरून त्यांनी भांडल्याचं ऐकिवात नाही.

खरा काळ २००७-०८नंतरचा, पुढची सात-आठ वर्षं. घरावर मजला चढवला होता, म्हणजे गच्ची आली. बोरा बाजारातून डिजिटल एसएलआर आला, २०० मिलिमीटरची लेन्स आली. देवयानी दिसायला लहान असते हा सर्वसाधारण गैरसमज. तिची लांबी आकाशात सहा पौर्णिमेचे चंद्र ओळीने ठेवावेत इतकी आहे, फक्त ती फिकी आहे. २५ लाख प्रकाशवर्षं चालत आलेला प्रकाश कांदिवलीच्या शेवटच्या काही किलोमीटरांत बुडतो, एवढीच काय ती अडचण.

त्या रात्रींची रीत अशी. पाण्याच्या टाकीजवळच्या प्लगवरून वायर ओढायची. उत्तरेला जेमतेम १९ अंशांवर असणारा ध्रुव शोधून माउंट जुळवायचं. पुढे तिथे एक टॉवर उठला आणि ध्रुव कायमचा त्याच्या मागे गेला. खाडीच्या दमट हवेने लेन्सवर दव धरे, त्यासाठी घरातला हेअर ड्रायर. तीस सेकंदांचा एक फोटो, कारण त्याहून जास्त थांबलं की सगळी चौकट नारिंगी. असे शंभर फोटो रचले की फोटोतली खरखर एका फोटोच्या तुलनेत दहापट दबते. मग झाकण लावून तितक्याच वेळाचे काळे फोटो, कारण ऑक्टोबरच्या उकाड्यात सेन्सर तापतो आणि स्वतःचेच ठिपके पाडतो. शेवटी लेन्सवर पांढरा बनियन ताणून सपाट उजेडाचे फोटो, कोपऱ्यांतला अंधार आणि धुळीचे डाग वजा करण्यासाठी. बनियन धुतलेला हवा. हे सगळं डीपस्कायस्टॅकर या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये घालायचं आणि झोपायचं, कारण तेव्हाचा संगणक सकाळपर्यंत रचत बसे.

सकाळी पडद्यावर यायचं ते चित्र म्हणजे चहा सांडलेला टेबलक्लॉथ. पण त्यातला निळा भाग वेगळा काढून पाहिला की मौज होती. सोडियमच्या दिव्यात निळा रंग जवळजवळ नसतोच. म्हणजे लाल आणि हिरव्या भागात शहराने धुमाकूळ घातलेला, आणि निळ्यात बरीचशी शांतता. आणि देवयानीच्या बाहेरच्या वळणांतले तरुण तारे निळेच असतात! गाभा पिवळट, म्हाताऱ्या ताऱ्यांचा, तो कशातही दिसतो; वळणं मात्र निळ्यात सापडायची. निळा भाग हलक्या हाताने ताणला की आधी धुळीचा पट्टा, मग त्याच्या पलीकडची कड, मग एमएकशेदहा ही सोबतीण. शहर एका बाजूला आणि दीर्घिका दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी त्या पिवळ्या दिव्यांनी आपणहून करून ठेवली होती. आम्ही फक्त वजाबाकी करत होतो.

त्या चित्रावर दोघांनी बोल लावले, दोघांचाही हिशेब बाकी आहे. उपनगरातल्या एका छायाचित्र स्पर्धेत परीक्षकांनी 'धूसर आहे, शार्पनेस नाही' असा शेरा देऊन बक्षीस सी लिंकवरच्या सूर्यास्ताला दिलं. सूर्यास्त शार्प होता, यात शंका नाही. दुसरे आमच्याच आकाशवेड्यांतले सोवळे. त्यांचं म्हणणं, डोळ्यांना दिसत नाही ते फोटोत आणलं म्हणजे फोटोशॉप. अहो, डोळा एका क्षणाचा उजेड पाहतो आणि सोडून देतो, सेन्सर साठवतो. चौकटीत आलेला उजेड वर काढणं आणि नसलेला रंगवणं यात फरक आहे. तो कळण्यासाठी एकदा तरी रात्रभर वायर सांभाळत बसावं लागतं.

मग पांढरे दिवे आले. २०१५ला मरीन ड्राइव्हवर एलईडी लागले, तेव्हा राणीचा रत्नहार फिका पडला म्हणून केवढी ओरड झाली. पक्ष भांडले, वर्तमानपत्रं भरली, आणि तिथे पुन्हा पिवळसर दिवे आले. चारकोपला कुणी कधी रत्नहार म्हटलं नव्हतं, त्यामुळे इथले दिवे पांढरे झाले ते झालेच. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, वरच्या पिवळ्या लेपाने तो पांढरा दिसतो. त्याच्या उजेडाचा उंच सुळका ४५० नॅनोमीटरच्या आसपास, म्हणजे अगदी माझ्या निळ्या भागात येतो. शिवाय निळा उजेड हवेत जास्त विखुरतो. ज्या खोलीत आम्ही लपून बसायचो तिथेच ट्यूबलाइट लावली गेली.

तेजोमेघांचे फोटो काढणारे यातूनही सुटले. त्यांचा उजेड हायड्रोजनच्या, ऑक्सिजनच्या ठरावीक रेषांचा. अरुंद फिल्टर लावला की शहर बाहेर राहतं. अशाच फिल्टरने तीन हौशी मंडळींनी २०२२मध्ये खुद्द देवयानीच्या शेजारी ऑक्सिजनची एक प्रचंड कमान शोधून काढली. शंभराहून जास्त वर्षं जिचे फोटो निघताहेत तिच्या शेजारी! मला आनंद झाला आणि पोटातही दुखलं. दीर्घिका म्हणजे ताऱ्यांचा उजेड, त्यात सगळे रंग. एलईडीतही सगळे रंग. कोणता फिल्टर लावणार?

त्यावर उपाय म्हणून आता शिकवलेलं सॉफ्टवेअर मिळतं. मोठ्या दुर्बिणींची चित्रं पाहून तयार झालेलं, एका बटणात खरखर घालवतं आणि कडा धारदार करतं. मी ते वापरतो, नाही कशाला म्हणू. पण एमएकशेदहासारख्या मऊ दीर्घिकेत ते कधीकधी असे पदर उमटवतं की ते आकाशातून आलेत की शिकवणीतून, हे सांगता येत नाही. खालच्या गल्लीतल्या एका कॉलेजच्या पोराने ५० मिलिमीटरची स्मार्ट दुर्बीण घेतली आहे. ती आकाश आपलं आपण ओळखते, फोटो रचते, देवयानी चौकटीत मावत नाही म्हणून तुकडे जोडते आणि मोबाइलवर पाठवते. पोरगं तोवर घरात जेवत असतं. त्याचं चित्र माझ्या २०१०च्या चित्रापेक्षा चांगलं येतं. मी त्याला विचारलं, यातली पार्श्वभूमी किती वजा झाली? तो म्हणाला, "काका, ते ॲप करतं ना."

काळोख हवा तर तो गाठावा लागतो, असं सगळे सुचवतात. वांगणीपर्यंत इमारती पोचल्या. जानेवारी २०२४मध्ये महाराष्ट्रातल्या पेंच व्याघ्र प्रकल्पाला देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क म्हणून मान्यता मिळाली. चांगली गोष्ट झाली. पण पेंच नागपूरच्याही पुढे. पावसाळा संपल्यावर देवयानी रात्री चांगली वर येते तेव्हाची पहिली घट्ट काळी रात्र म्हणजे बहुतेकदा आश्विन अमावास्या, आणि त्या रात्री लक्ष्मीपूजन. चारकोपच्या गच्चीवर त्या दिवशी फटाक्यांचा धूर डोळ्यांपर्यंत येतो, आणि पेंचला जायचं ठरवलं, घरून परवानगीही मिळाली, तरी दिवाळीतलं विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट वेटिंगवर.