२८ मिनिटांची ठेव

मालाची परीक्षा पहिल्याच हंगामात होते, असा व्यापारातील सर्वसाधारण समज आहे. माल उठला नाही की तो बाजूला सारून नव्या मालास जागा करून द्यावी लागते. कलेच्या बाबतीत मात्र हा आडाखा पुष्कळदा चुकतो. इंग्लंडमधील गीतकार-गायक निक ड्रेक यांची ‘पिंक मून’ ही ध्वनिमुद्रिका याचे बोलके उदाहरण आहे.

निक यांचा जन्म १९४८ साली रंगून येथे झाला. वडील रॉडनी हे मुंबईच्या व्यापारी इतिहासात सुपरिचित असलेल्या बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. पुढे हे कुटुंब इंग्लंडात वॉरिकशायरमधील टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थायिक झाले. आई मॉली स्वतः रचलेली गाणी घरी पियानोवर गात असत. केंब्रिजचे शिक्षण अर्धवट सोडून निक यांनी संगीताची वाट धरली. १९६९ व १९७१ मध्ये त्यांच्या दोन ध्वनिमुद्रिका निघाल्या. वाद्यवृंदाची उत्तम साथ असूनही त्यांस ग्राहक लाभला नाही. मुळात संकोची असलेले निक मैफली टाळू लागले आणि नैराश्याच्या आजाराने त्यांना ग्रासले.

ऑक्टोबर १९७१ मध्ये लंडनच्या साउंड टेक्निक्स स्टुडिओत ध्वनिमुद्रक जॉन वुड यांना सोबत घेऊन त्यांनी अवघ्या दोन रात्रींत ‘पिंक मून’ पूर्ण केली. ११ गाणी, सुमारे २८ मिनिटे, एक आवाज आणि एक गिटार. केवळ शीर्षकगीतात पियानोचे थोडे सूर. त्या आवाजात तक्रार नाही, दयेची याचना नाही. माणूस स्वतःशीच बोलावा तसे ते गातात आणि म्हणूनच ऐकणाऱ्यास आपले एकटेपण ओळखीचे वाटू लागते. या ध्वनिमुद्रिकेचे टिकाऊपण या साधेपणात आहे.

१९७२ मध्ये ती प्रसिद्ध झाली, पण विक्री नगण्यच राहिली. नोव्हेंबर १९७४ मध्ये, वयाच्या अवघ्या २६व्या वर्षी, आईवडिलांच्या घरीच निक यांचे निधन झाले.

तथापि एका व्यवहाराने ही गाणी जिवंत ठेवली होती. निक यांचे निर्माते जो बॉइड यांनी आपली कंपनी आयलंड रेकॉर्ड्सला विकताना एक अट घातली: ड्रेक यांच्या ध्वनिमुद्रिका विक्रीच्या यादीतून कधीही काढू नयेत. नफ्याचा मागमूस नसताना घातलेली ही अट पुढे फळास आली. १९९९ मध्ये फोक्सवागनच्या एका जाहिरातीत ‘पिंक मून’चे शीर्षकगीत वाजले आणि नव्या पिढीने ती ध्वनिमुद्रिका शोधून शोधून विकत घेतली. ठेवीची मुदत भरली, परंतु रक्कम घेण्यास ठेवीदार उरला नव्हता.

मुलाच्या पश्चात रॉडनी आणि मॉली यांनी दूरदूरून येणाऱ्या रसिकांसाठी आपल्या घराचे दार उघडे ठेवले. मॉली यांची घरगुती गाणीही त्यांच्या निधनानंतर, २०१३ मध्ये, ध्वनिमुद्रिकेच्या रूपाने लोकांसमोर आली. एकाच घरातील दोघांनाही दाद मिळाली ती उशिरा.

हिशेबी कुटुंबांत एखादे मूल गल्ल्यापासून दूर, आपल्याच वहीत काही लिहीत बसलेले असते. त्या वहीची किंमत आज ठरणार नाही, कदाचित कधीच ठरणार नाही. तरीही ‘वाचून दाखव’ एवढे म्हणण्यास भांडवल लागत नाही. ते त्याच्या हयातीत, त्याच्यासमोर म्हणावे लागते इतकेच.