कॅमेऱ्यातला आरसा आणि नाशिकचा उजेड

काळाराम मंदिराच्या काळ्या पाषाणी भिंतीसमोर पांढऱ्या धोतरातील भाविक उभा असेल आणि कॅमेरा स्वयंचलित पद्धतीवर ठेवलेला असेल, तर छायाचित्रात बहुधा दगड काळा न येता करडा येतो आणि धोतराच्या चुण्या नाहीशा होऊन तिथे केवळ पांढरा डाग उरतो. याचे कारण असे की कॅमेऱ्यातील प्रकाशमापक समोरचे दृश्य सरासरीने मध्यम करड्या छटेचे आहे असे गृहीत धरून प्रकाश किती आत घ्यावा हे ठरवतो, आणि चौकटीचा मोठा भाग काळ्या दगडाने व्यापला असला म्हणजे गरजेपेक्षा जास्त प्रकाश घेतो. उपाय सोपा आहे. ‘एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन’, म्हणजे मापकाचा निर्णय हाताने कमी-जास्त करण्याची सोय वापरून प्रकाश एका पायरीने उतरवला की दगडाचा काळेपणा आणि वस्त्राचा पोत दोन्ही परत मिळतात. मात्र ही चूक बटण दाबण्यापूर्वी कळते की नंतर, यावर सारे अवलंबून आहे, आणि रोजच्या छायाचित्रणासाठी डीएसएलआर घ्यावा की मिररलेस, या प्रश्नाचे मर्मही तिथेच आहे.

डीएसएलआरमध्ये लेन्समधून आलेला प्रकाश 45 अंशांत बसवलेल्या आरशावर आपटून वर जातो आणि लोलकातून फिरून डोळ्यापर्यंत पोहोचतो. बटण दाबताच आरसा उचलला जातो, शटर उघडते आणि प्रकाश सेन्सरवर, म्हणजे प्रतिमा टिपणाऱ्या चिपवर पडतो. ही रचना फिल्मच्या काळातली आहे. फिल्म धुतल्याशिवाय तिच्यावर काय उमटले हे कळत नसल्याने, ज्या लेन्समधून छायाचित्र निघणार तिच्यातूनच आधी पाहता यावे यासाठी आरसा आवश्यक होता, आणि 1959 सालच्या निकॉन एफने ती रचना जगभरच्या वृत्तछायाचित्रकारांच्या हाती रुजवली. सेन्सर मात्र समोरचे दृश्य सतत वाचून पडद्यावर दाखवू शकतो, त्यामुळे आरशाची गरज उरली नाही. 2008 साली पॅनासॉनिकच्या जी1 या कॅमेऱ्याने लेन्स बदलता येणाऱ्या मिररलेस प्रकाराचा पाया घातला, 2013 मध्ये सोनीने फिल्मच्या चौकटीएवढा, म्हणजे 36 बाय 24 मिलिमीटरचा सेन्सर त्यात बसवून ए7 आणला, आणि 2018 मध्ये निकॉन व कॅनन हेही पूर्ण ताकदीने त्या वाटेने गेले. 2020 नंतर या दोन्ही कंपन्यांनी एकही नवा डीएसएलआर आणलेला नाही, ही गोष्ट खरेदीदाराने लक्षात ठेवायला हवी.

डीएसएलआरचा व्ह्यूफाइंडर डोळ्याला दिसते तसे दृश्य दाखवतो. मिररलेसचा छोटा इलेक्ट्रॉनिक पडदा छायाचित्र कसे येणार ते दाखवतो. काळारामासमोर उभ्या असलेल्या नवशिक्याला दगड करडा होत असल्याचे त्या पडद्यावर आधीच दिसते, तो चाक फिरवतो आणि दगड काळा होताना पाहतो. हे शिक्षण इतके थेट आहे की केवळ तेवढ्यासाठीही नव्याने शिकणाऱ्याने मिररलेस घ्यावा असे म्हणता येईल. याची दुसरी बाजूही आहे. अंधार पडल्यावर हाच पडदा दृश्य कृत्रिमरीत्या उजळवतो, त्यात दाणे दिसू लागतात आणि हालचाल किंचित मागून येते, तर काचेच्या व्ह्यूफाइंडरला असा विलंब माहीतच नसतो.

वजनाबाबत मात्र मिररलेस हलकाच असतो हा रूढ समज तपासून घ्यावा. निकॉनचा 2018 सालचा डी3500 हा डीएसएलआर बॅटरी आणि कार्डसह 415 ग्रॅम भरतो, तर त्याच कंपनीचा 2019 सालचा झेड50 हा मिररलेस 450 ग्रॅम. फरक पडतो तो सोबत येणाऱ्या लेन्समुळे, कारण झेड50 ची घडी होणारी लेन्स 135 ग्रॅमची आणि डी3500 ची 205 ग्रॅमची आहे. म्हणजे दोन्ही जोड्यांत जेमतेम 35 ग्रॅमांचे अंतर उरते. बॅटरीचा हिशेब मात्र अगदी उलटा आहे. प्रमाणित चाचणीत डी3500 एका चार्जवर 1,550 छायाचित्रे देतो, तर पडदा सतत चालू ठेवावा लागणारा झेड50 सुमारे 300 देतो. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला निघणाऱ्याने मिररलेससोबत दोन जादा बॅटऱ्या ठेवाव्यातच. पावसापासून बचाव तर दोघांचाही करावा लागतो, कारण या किमतीच्या कॅमेऱ्यांना पुरेसे जलरोधक कवच नसते.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचे नांदूरमध्यमेश्वर हे 2020 मध्ये महाराष्ट्रातील पहिले रामसर पाणथळ क्षेत्र ठरले, आणि तिथे पक्षी टिपू पाहणाऱ्याच्या दृष्टीने फोकसचा प्रश्न वेगळा आहे. डीएसएलआर फोकससाठी आरशाखाली बसवलेला स्वतंत्र संच वापरतो. डी3500 मध्ये त्याचे 11 बिंदू चौकटीच्या मध्याभोवती एकवटलेले असतात, आणि तो संच किंचित ढळला तर डोळ्याऐवजी पंखावर फोकस बसतो. मिररलेस सेन्सरवरच फोकस मोजत असल्याने ही चूक उद्भवत नाही, आणि कॅननच्या आर50 सारखे अलीकडचे स्वस्त कॅमेरेही पक्ष्याचा डोळा ओळखून त्याचा पाठलाग करतात. तरीही लांब पल्ल्याच्या लेन्सशिवाय या कौशल्याचा उपयोग मर्यादित राहतो, आणि खर्चाचा मोठा वाटा तीच घेते.

रामकुंडावरील सांध्य आरतीच्या वेळी मिररलेसचे निःशब्द इलेक्ट्रॉनिक शटर मोलाचे ठरते, कारण शेजारच्याच्या एकाग्रतेत ‘खट्’ आवाजाचा अडथळा येत नाही; पण सेन्सर ओळीओळीने वाचला जात असल्याने एलईडी दिव्यांखाली छायाचित्रावर आडवे पट्टे उमटू शकतात आणि वेगाने फिरणारी पंचारती वाकडी दिसू शकते. तिथे यांत्रिक शटरच वापरावे. 2027 च्या सिंहस्थासाठी कॅमेरा घेऊ पाहणाऱ्यांनी हा सराव आधीपासून करावा.

घरात डीएसएलआर आणि त्याच्या लेन्स असतील तर बदलण्याची घाई करू नये. समान सेन्सर असेल तर छायाचित्राचा दर्जा आरशावर अवलंबून नसतो. जुन्या लेन्स जोडकडीने मिररलेसवर बसतात, पण कॅननच्या ईएफ लेन्स त्यावर स्वयंचलित फोकससह चालतात, तर भारतात अतिशय लोकप्रिय असलेली निकॉनची 50 मिलिमीटर एफ/1.8डी ही लेन्स, तिच्यात स्वतःची मोटर नसल्यामुळे, निकॉनच्या एफटीझेड जोडकडीवर हातानेच फोकस करावी लागते. तुटपुंज्या रकमेत सुरुवात करायची असेल तर वापरलेला डीएसएलआर आजही उत्तम सौदा आहे. घेताना शटर किती वेळा उघडले तो आकडा पाहावा, लेन्स उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे नाही याची खात्री करावी आणि जवळच्या वस्तूवर फोकस नेमका बसतो का हे तपासावे. नव्याने घेणाऱ्याने मिररलेस घ्यावा, पण महागड्या बॉडीऐवजी साध्या बॉडीसोबत एफ/1.8 ची एक उजळ लेन्स घ्यावी. पांडवलेण्यांतील चैत्यगृहाच्या मंद उजेडात सोबत येणाऱ्या लेन्सपेक्षा ती कितीतरी पट जास्त प्रकाश आत घेते.