इन्सर्शन सॉर्ट

इन्सर्शन सॉर्ट हा संगणकशास्त्रातील तुलनेवर आधारित, क्रमवारी लावण्याचा एक सोपा अल्गोरिदम आहे. यात यादीचा डावीकडील भाग नेहमी क्रमवार ठेवला जातो आणि उरलेल्या भागातील एकेक घटक त्यात योग्य जागी बसवला जातो. पत्ते खेळताना हातातील पाने लावण्याची रीत साधारण अशीच असते.

कार्यपद्धती

'अ' या यादीत 'न' घटक असून त्यांचे क्रमांक ० पासून सुरू होतात, असे मानल्यास 'क' च्या १ ते न−१ या प्रत्येक किमतीसाठी पुढील पायऱ्या केल्या जातात:

१. ख = अ[क]; ज = क − १
२. जोपर्यंत ज ≥ ० आणि अ[ज] > ख, तोपर्यंत अ[ज+१] = अ[ज] करून ज मधून १ वजा करणे
३. अ[ज+१] = ख

उदाहरण

मूळ यादी: ७, ३, ५, २
पहिली फेरी: ३, ७, ५, २
दुसरी फेरी: ३, ५, ७, २
तिसरी फेरी: २, ३, ५, ७

येथे घटक एकूण ५ वेळा सरकवावे लागतात. मूळ यादीत मोठी संख्या लहान संख्येच्या आधी असलेल्या जोड्याही ५ च आहेत. या दोन संख्या नेहमी समान असतात.

अंमलबजावणीतील बारकावे

'ज ≥ ०' ही अट आधी तपासणे आवश्यक असते. ती वगळल्यास सी भाषेत यादीबाहेरील स्मृती वाचली जाते. पायथॉनमध्ये −१ हा क्रमांक शेवटचा घटक दर्शवत असल्याने चूक लगेच लक्षात न येता यादी बिघडू शकते. तुलनेत '>' ऐवजी '≥' वापरल्यास क्रमवारी बरोबर लागते, परंतु समान घटकांचा मूळ क्रम टिकत नाही, म्हणजेच अल्गोरिदमची स्थिरता नष्ट होते. नावांनुसार लावलेली विद्यार्थ्यांची यादी पुन्हा गुणांनुसार लावल्यास, समान गुणांच्या विद्यार्थ्यांची नावे मग उलटसुलट होतात.

कार्यक्षमता

यादी आधीच क्रमवार असल्यास न−१ तुलना पुरतात. पूर्णपणे उलट असल्यास न(न−१)/२ तुलना लागतात. १,००० घटकांसाठी ही संख्या अनुक्रमे ९९९ आणि ४,९९,५०० होते. योग्य जागा द्विभाजन पद्धतीने शोधल्यास तुलना कमी होतात, मात्र घटक सरकवण्याचे काम तेवढेच राहते. यादीव्यतिरिक्त लागणारी स्मृती अत्यल्प व स्थिर असते.

उपयोग

मोठ्या व विस्कळीत याद्यांसाठी मर्ज सॉर्टसारखे अल्गोरिदम अधिक वेगवान ठरतात. लहान किंवा जवळजवळ क्रमवार याद्यांसाठी मात्र इन्सर्शन सॉर्ट उपयुक्त असतो. टिम पीटर्स यांनी २००२ मध्ये पायथॉनसाठी तयार केलेल्या टिमसॉर्टमध्ये लहान तुकड्यांसाठी याच अल्गोरिदमचा द्विभाजन शोधावर आधारलेला प्रकार वापरला आहे.