यंत्र चालू होतं, मग नोंदी का वाचता येत नाहीत?

डिजिटल नोंदी टिकवणं म्हणजे फाइलची कॉपी ठेवणं, असा आपला समज असतो. हा समज कुठे अपुरा पडतो, ते एका जुन्या यंत्रावरून बघू.

लंडनच्या सायऑन कंपनीने १९९७ मध्ये ‘सिरीज ५’ बाजारात आणलं. कोटाच्या खिशात मावणारा, दोन एए सेलवर चालणारा छोटा संगणकच तो. झाकण उघडलं की कीबोर्ड पुढे सरकतो, त्यामुळे स्क्रीनवर पेन टेकवलं तरी यंत्र मागे कलंडत नाही. चक्क दोन्ही हातांनी टाइप करता यायचं. प्रवासात नोंदी घ्यायला सोयीचं यंत्र! आता समजा, कुणाच्या तरी नोंदी असलेलं असं यंत्र आज तुमच्या हाती आलं. तुम्हाला तीन पायऱ्या चढाव्या लागतील.

पहिली पायरी: बाइट्स शिल्लक आहेत का? या यंत्राची अंतर्गत डिस्क म्हणजे रॅमच. सेल बदलताना छोटा बटन सेल तिला जिवंत ठेवतो. पण दोन्ही संपले की सगळ्या फाइल्स गेल्या. नवे सेल घातल्यावर यंत्र छान सुरू होईल, पण रिकामं! नोंदी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्डावर ठेवल्या असतील तर मात्र आशा आहे. अशा कार्डाची आधी जशीच्या तशी प्रत काढायची आणि पुढचं सगळं काम त्या प्रतीवर करायचं.

दुसरी पायरी: फॉरमॅट. इथल्या फाइलला बहुधा .doc सारखं शेपूट नसतं. फाइल कोणत्या प्रकारची आहे हे तिच्या पहिल्या १६ बाइट्समध्ये लिहिलेलं असतं: तीन ओळखक्रमांक आणि एक पडताळणीचा आकडा. आजच्या संगणकाला ही भाषा कळत नाही. गंमत म्हणजे याच यंत्राची एपॉक ही प्रणाली पुढे सिम्बियन झाली आणि नोकिया ६६०० सारख्या फोनमधून आपल्याकडेही आली. प्रणालीचा वंश वाढला म्हणून जुन्या फाइल्स वाचायची सोय आपोआप होत नाही.

तिसरी पायरी: अक्षरं. सिरीज ५ मध्ये एका अक्षराला एकच बाइट, आणि त्या तक्त्यात देवनागरीला जागाच नव्हती. हा प्रश्न आपल्या फार जवळचा आहे. युनिकोडआधीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेला मराठी मजकूर आज उघडून बघा. बाइट्स आहेत, फाइलही उघडते, पण तो फॉन्ट नसेल तर समोर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं.

म्हणून पीएचडीच्या पहिल्याच महिन्यात ठरवून टाका: मुलाखतींचा मजकूर यूटीएफ-८ साध्या टेक्स्टमध्ये, तक्ते सीएसव्हीमध्ये, आणि प्रत्येक फोल्डरमध्ये कुठल्या रकान्याचा काय अर्थ, हे सांगणारी एक छोटी फाइल. बॅकअप दोन ठिकाणी. आणि वर्षातून एकदा त्यातली एखादी फाइल मित्राच्या संगणकावर, वेगळ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून बघा. तुम्ही शेजारी नसताना त्याला ती वाचता आली, तर तुमचा डेटा सुस्थितीत आहे.