कोविडोत्तर रक्तवाहिनीविकार व रक्तस्कंदन : चिकित्सकाची दक्षता

सन 2021 च्या जून महिन्यात पूर्णा तालुक्यातील एक पन्नाशीचे शेतकरी डाव्या पोटरीच्या वेदनेसाठी आमच्या चिकित्सालयात आले. तीन आठवड्यांपूर्वी ते कोविडमधून बरे होऊन घरी परतले होते. पोटरी जड, उष्णस्पर्शी व सुजलेली होती. वातव्याधी समजून स्नेहन-स्वेदन देण्याचे प्रस्तुत लेखकाने ठरविले. अभ्यंगाचे तेल कोमट करण्यास सांगूनही झाले होते. सहज म्हणून दोन्ही पोटऱ्यांचा घेर मोजला, तो चार सेंटिमीटरचा फरक निघाला आणि हात आवरला. डॉपलर तपासणीत खोल सिरेत मांडीपर्यंत गेलेली गुठळी दिसली. मर्दनाने तिचा तुकडा सुटून फुप्फुसात गेला असता, तर रुग्ण आमच्याच टेबलावर दगावला असता. हा लेख लिहिण्यास तो प्रसंग कारण झाला.

कोविड हा केवळ प्राणवह स्रोतसाचा विकार आहे, असा प्रारंभी सर्वांचाच समज होता. परंतु सार्स-कोव्ह-2 हा विषाणू ज्या एसीई-2 ग्राहकाद्वारे पेशीत शिरतो, तो ग्राहक रक्तवाहिन्यांच्या अंतःस्तराशीही निगडित आहे. एप्रिल 2020 मध्ये झुरिच येथील संशोधकांनी मृत रुग्णांच्या अनेक अवयवांतील अंतःस्तराचा शोथ 'लॅन्सेट' नियतकालिकात नोंदविला. त्याच वर्षी कोविडने व इन्फ्लुएन्झाने दगावलेल्या प्रत्येकी सात रुग्णांच्या फुप्फुसांची तुलना प्रसिद्ध झाली. कोविडच्या फुप्फुसांतील केशवाहिन्यांत सूक्ष्म गुठळ्या नऊपट आढळल्या. ही संख्या लहान आहे, हे लक्षात ठेवावे. तथापि पुढील अनुभव त्याच दिशेने गेला.

निरोगी अंतःस्तर रक्ताला साकळू देत नाही. त्यास इजा झाली की व्हॉन विलेब्रँड घटक बाहेर पडतो व बिंबाणू चिकटू लागतात. प्रतिकारशक्तीच्या अतिरेकी क्षोभाने फायब्रिनोजेन वाढते आणि गुठळी विरघळविणारी यंत्रणा मंदावते. त्यात ज्वर, अल्प जलपान व अंथरुणावर पडून राहणे यांची भर पडते. वाहिनीच्या भित्तीची इजा, प्रवाहाचे मंदत्व व रक्ताची साकळण्याची वाढलेली प्रवृत्ती ही त्रयी जर्मन विकृतिवेत्ता रुडॉल्फ फिर्खो याच्या नावाने ओळखली जाते. कोविडमध्ये ही तिन्ही कारणे एकाच वेळी एकत्र येतात.

आपल्या परिभाषेत चरकाचार्यांनी विमानस्थानात स्रोतोदुष्टीची जी लक्षणे सांगितली, त्यांतील संग व सिराग्रंथी यांचे येथे स्मरण होते. वाहिनीभित्तीच्या इजेस खवैगुण्य म्हणता येईल. मात्र हे साम्य आकलनापुरते आहे. संग म्हटले म्हणजे रक्तप्रसादन दिले, असा सरळ हिशोब मांडून फुप्फुसातील गुठळीवर काढे देत बसणे हा अपराध ठरेल. एप्रिल 2021 मध्ये आयुष मंत्रालयाने लक्षणविरहित, सौम्य व मध्यम कोविडसाठी आयुष-64 उपयुक्त असल्याचे जाहीर केले होते; ती गुठळीवरील चिकित्सा नव्हे.

धोका किती काळ राहतो? एप्रिल 2022 मध्ये 'बीएमजे'त प्रसिद्ध झालेल्या स्वीडनमधील दहा लाखांहून अधिक बाधितांच्या अभ्यासात खोल सिरेतील गुठळीचा वाढीव धोका तीन महिने, फुप्फुसातील गुठळीचा सहा महिने, तर रक्तस्रावाचा दोन महिने दिसला. गुठळीचा धोका रुग्णालयात दाखल न झालेल्या सौम्य रुग्णांतही होता. आज लसीकरणाने व पूर्वसंसर्गाने व्याधीचे बल कमी झाले आहे. म्हणून पूर्ववृत्त विचारणे सोडता येत नाही.

सन 2021 मध्ये मराठवाड्याने म्युकरमायकोसिसही पाहिला. मधुमेह व स्टेरॉइडच्या आश्रयाने वाढणारी ही बुरशी रक्तवाहिनीच्या भित्तीत शिरते, तेथे गुठळी होते व पुढील मांस काळे पडून मरते. नाकातील काळी खपली ही त्याचीच खूण होय.

डी-डायमर तपासणीविषयी आपल्याकडे फार गैरसमज आहेत. संसर्ग, गर्भावस्था, शस्त्रक्रिया, वार्धक्य या सर्वांत ते वाढते. केवळ वाढलेला अंक पाहून रक्त पातळ करणारी गोळी सुरू करणे अयोग्य होय. संशय अल्प असताना अंक प्राकृत आला, तर मात्र गुठळी नसल्याचे बऱ्यापैकी खात्रीने सांगता येते. एका पायाची सूज, अचानक श्वास लागणे, श्वास घेताना छातीत टोचणे, रक्तमिश्रित कफ, एकांगी दुर्बलता यांपैकी काहीही दिसल्यास जिंतूर, गंगाखेडच्या वैद्याने अंक येण्याची वाट न पाहता रुग्णास पुढे पाठवावे.

औषधी दुकानदार बंधूंना एक विनंती. त्या काळात सुटीच्या कागदावर काही आठवड्यांसाठी लिहून दिलेली रिव्हॅरोक्सॅबान वा अ‍ॅपिक्सॅबानची गोळी जुनीच चिठ्ठी दाखवून पुढे चालू ठेवणारे रुग्ण आम्ही पाहिले आहेत. ती कोणी व किती काळासाठी दिली, हे विचारावे. परंतु स्वतः बंदही करू नये. अशा रुग्णास डायक्लोफिनॅक देऊ नये. फोडणीतील लसूण व हळद यांचे भय नाही. लसणाचे वा हळदीचे अर्क असलेली कॅप्सूल आणि गुग्गुळकल्प मात्र रक्तस्राव वाढवू शकतात, म्हणून ते वैद्य व फिजिशियन यांच्या परस्परविचाराविना देऊ नयेत. जलौकेच्या लाळेतील हिरुडिन स्वतःच स्कंदनरोधक आहे, हे विसरून अशा रुग्णावर जलौकावचरण केल्यास व्रण तासन्‌तास वाहतो.

लसीविषयीची शंका 2024 च्या मे महिन्यात पुष्कळांनी विचारली. अ‍ॅडिनोव्हायरसवर आधारित लसीनंतर बिंबाणू घटून गुठळी होणे हा खरा, पण अतिदुर्मिळ उपद्रव आहे आणि तो सामान्यतः पहिल्या चार ते सहा आठवड्यांत उद्भवतो. 2021 मध्ये लस घेतलेल्याने आज त्याचे भय धरण्याचे कारण नाही.

त्या शेतकऱ्यांनी फिजिशियनच्या देखरेखीखाली तीन महिने गोळ्या घेतल्या. त्या थांबल्यावर ते पुन्हा अभ्यंगासाठी आले, तेव्हा आम्ही प्रथम दोन्ही पोटऱ्यांना टेप लावला.