'स्प्लॅश' म्हणते तरी कोण?

तळ्यात एक खडा टाका आणि कान देऊन ऐका. तुम्हाला 'डुबुक' असे ऐकू येईल. तुमच्या शेजारी एखादा इंग्रज मुलगा उभा असेल, तर त्याला 'प्लॉप' ऐकू येईल. आणि खड्याऐवजी तुम्हीच उडी घेतलीत, तर तो म्हणेल, 'स्प्लॅश!'

पाणी उसळून शिंतोडे उडणे, त्या शिंतोड्यांचा डाग आणि त्या वेळी होणारा आवाज, असे तिन्ही अर्थ या एका शब्दात आहेत. २४ जुलै १९६९ रोजी चंद्रावरून परतलेले अपोलो ११ चे यान पॅसिफिक महासागरात उतरले. अशा उतरण्याला इंग्रजीत 'स्प्लॅशडाउन' म्हणतात.

शब्द मात्र फार जुना नाही. तो अठराव्या शतकाच्या आरंभी रूढ झाला. त्याआधी 'प्लॅश' हा शब्द होता. जोर देण्यासाठी त्याच्या आरंभी 'स' लागला असावा, असे भाषातज्ज्ञ मानतात. प्राचीन इंग्रजीत या 'प्लॅश'चा अर्थ होता डबके! डच भाषेत 'प्लास' म्हणजे आजही डबकेच. डबक्यात पाय पडला की जो आवाज होतो, त्यावरूनच डबक्याला हे नाव पडले असावे.

व्याकरणात अशा शब्दांना आपण अनुकरणवाचक म्हणतो. छपछप, टपटप, खळखळ हे त्यांचेच भाऊबंद. आमटीत सोडलेल्या डुबुकवड्याही त्याच कुळातल्या, बरे का!

पण हे अनुकरण नेमके कशाचे? तुम्ही म्हणाल, पाणी पाण्यावर आपटते त्याचे. उंचावरून पालथे पडलात तर जो सणसणीत फटका ऐकू येतो, तो खरोखरच आपटण्याचा. नळाच्या थेंबाची गोष्ट मात्र निराळी आहे.

इंग्लंडमधील रग्बी येथल्या एका शाळकरी मुलाला काजळी धरलेल्या काचेवर शाईच्या थेंबांच्या चमत्कारिक खुणा दिसल्या. त्यावरून प्रेरणा घेऊन वर्दिंग्टन या शास्त्रज्ञाने अंधाऱ्या खोलीत विजेच्या ठिणगीच्या क्षणभर प्रकाशात थेंब पाहिले आणि पुढे त्यांची छायाचित्रेही घेतली. त्याचे पुस्तक १९०८ साली निघाले. थेंब पडला की पाण्यात खळगा होतो, त्याच्या काठावर मुकुटासारखी कड उठते, मग खळगा मिटतो आणि मधोमध पाण्याचा खांब वर येतो.

हे सारे जवळजवळ निःशब्द घडते! खळगा मिटताना त्याच्या तळाशी हवेचा एक बारीक बुडबुडा अडकतो. तो झपाट्याने आकसतो व फुगतो, आणि तोच 'बोलतो'. १९३३ मध्ये मिनार्ट या शास्त्रज्ञाने त्याचे गणित मांडले. १ मिलिमीटर त्रिज्येचा बुडबुडा सेकंदाला सुमारे ३,००० वेळा कंप पावतो. बुडबुडा जितका लहान, तितका आवाज बारीक. २०१८ मध्ये केंब्रिज येथील संशोधकांनी अतिवेगवान कॅमेरा आणि ध्वनिग्राहक लावून दाखवून दिले, की हा बुडबुडाच वरच्या पाण्याचा पृष्ठभाग हलवतो आणि आवाज हवेत पोहोचतो.

याचा पडताळा घरी पाहता येईल. गळक्या नळाखाली पाण्याने भरलेले पातेले ठेवा. 'टप्' आवाज नीट ऐकू येऊ लागला, की भांडी घासायच्या द्रवसाबणाचे चारदोन थेंब पाण्यात मिसळा. साबणाने पाण्याचा पृष्ठताण कमी होतो. थेंब पूर्वीसारखाच पडत राहील, पण आवाज बंद झालेला आढळेल.