बावन्नाव्या वर्षी सव्वीस मैल



"मॅरेथॉन म्हणजे नक्की किती पळायचं असतं हो?" गणपतीच्या कार्यक्रमात आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत हा प्रश्न मला दरवर्षी एकदा तरी ऐकायला मिळतो. विचारणाऱ्याची काही चूक नाही. आपल्याकडे गावातली तीन किलोमीटरची शर्यतसुद्धा 'मॅरेथॉन'च असते! खरी मॅरेथॉन ४२.१९५ किलोमीटरची, म्हणजे इथल्या हिशेबात २६.२ मैलांची. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये हे अंतर पळवलं गेलं आणि १९२१ मध्ये ते कायमचं ठरलं. त्याच्या आदल्याच वर्षी, १९२० च्या अँटवर्प ऑलिंपिकमध्ये, आपल्या बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन पळून एकोणिसावे आले होते. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याच्या शर्यतींत पळणारी मुलं पाहून सर दोराबजी टाटांनी पुढाकार घेतला आणि तो संघ परदेशी गेला. चौगुल्यांना लागलेला वेळ दोन तास एक्कावन्न मिनिटांच्या आतला, आणि तेव्हाचं अंतर आजच्यापेक्षा थोडं जास्तच होतं.

मला लागले पाच तास वीस मिनिटं. तरीही हा लेख लिहितो आहे, कारण पन्नाशीच्या आसपासच्या आपल्या मंडळींना त्या पाच तासांपेक्षा त्याआधीच्या दोन वर्षांचा जास्त उपयोग होईल, असं मला वाटतं.

सुरुवात कशी झाली

२०२० चा उन्हाळा. टाळेबंदी. ऑफिस घरातल्या जेवणाच्या टेबलावर आलेलं. मुलगी कॉलेजमधून घरी परतलेली आणि बायको रोज नवनवीन पदार्थ करत होती. तीन महिन्यांत माझी पँट मला ओळखेनाशी झाली. मग संध्याकाळी चालायला लागलो. चालता चालता एका दिव्याच्या खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळायला लागलो. वर्षभरात सलग पाच मैल जमायला लागले, तेव्हा डोक्यात किडा शिरला: वॉशिंग्टनची मरीन कोअर मॅरेथॉन पळायची.

ही शर्यत १९७६ पासून चालू आहे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी असते. हिला 'लोकांची मॅरेथॉन' म्हणतात, कारण इथे जिंकणाऱ्याला रोख बक्षीस नसतं आणि सगळी माणसं तुमच्या-माझ्यासारखी हौशी असतात. ओप्रा विन्फ्रे १९९४ मध्ये, वयाच्या चाळिसाव्या वर्षी, हीच शर्यत साडेचार तासांच्या आत पळाली होती. (आपल्याला काय जड आहे, असं मला तेव्हा वाटलं. असो!)

पहिल्या उत्साहात मी आठवड्याचे मैल एकदम दुप्पट केले आणि तिसऱ्या आठवड्यात टाचेवरची शीर धरली. दोन महिने लंगडत होतो. पन्नाशीतलं शरीर तक्रार उशिरा करतं आणि मग ती लवकर मागे घेत नाही, हा पहिला धडा तेव्हा मिळाला.

आधी डॉक्टर, मग बूट

बायकोचा मात्र या सगळ्याला ठाम विरोध होता. तिचं म्हणणं साधं होतं, "तुझे बाबा किती वर्षांचे होते, आठवतंय ना?"

माझे वडील ५४ व्या वर्षी गेले. सकाळी दूध आणायला म्हणून बाहेर पडले, ते परत आलेच नाहीत. सडपातळ माणूस, विडी-सिगारेट नाही, रोज दोन-तीन मैल चालणं.

"अगं, पळणाऱ्याला काही होत नाही," असं मी म्हणालो खरं, पण ते चूक आहे. अमेरिकेला पळायचं वेड लावणाऱ्यांपैकी एक म्हणजे जिम फिक्स. १९७७ साली आलेलं त्यांचं धावण्यावरचं पुस्तक लाखोंनी खपलं. पस्तिशीत सिगारेट सोडून ते पळायला लागले होते. १९८४ च्या जुलैमध्ये व्हरमाँटमध्ये पळतानाच हृदयविकाराने ते गेले, वय ५२. त्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्यांत मोठे अडथळे सापडले. त्यांचे वडील हृदयविकारानेच ४३ व्या वर्षी गेले होते. पळण्याने फिक्स यांना कदाचित काही वर्षं जास्त मिळाली असतील, पण पळण्याने आनुवंशिकता पुसली जात नाही.

आपल्या लोकांना हे अधिकच लागू आहे. इथे राहणाऱ्या दक्षिण आशियाई लोकांच्या हृदयविकाराचा अभ्यास २०१० पासून सॅन फ्रान्सिस्को आणि शिकागो भागात चालू आहे. त्याचं नाव चक्क 'मसाला'! आपल्यात मधुमेहाचं प्रमाण इतर गटांपेक्षा जास्त, हे त्यातून पुढे आलं. अमेरिकेतल्या हृदयतज्ज्ञांच्या संघटनांनी २०१८ च्या कोलेस्टेरॉलविषयक मार्गदर्शनात 'दक्षिण आशियाई वंश' हीच एक जोखीम म्हणून नोंदवली आहे. वडिलांना किंवा भावाला पंचावन्नच्या आत हृदयविकार झालेला असणं ही दुसरी जोखीम. माझ्याकडे दोन्ही होत्या.

डॉक्टरांनी रक्त तपासलं, ट्रेडमिलवर स्ट्रेस टेस्ट घेतली आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांचा कॅल्शियम स्कॅन करायला सांगितला. स्कॅन म्हणजे दहा मिनिटांचं काम, सुई नाही की काही नाही. शून्य आलं तर उत्तम. माझा आकडा शून्य नव्हता. फार मोठाही नव्हता. त्या रात्री आम्ही दोघं जेवलो, पण बोललो नाही. पुढच्या भेटीत डॉक्टर म्हणाले, "तुमची स्ट्रेस टेस्ट चांगली आहे. कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करा, दर वर्षी मला भेटा आणि जरूर पळा. पण वेगाने नाही. छातीत, जबड्यात, हातात काही वेगळं वाटलं, चक्कर आली, तर त्याच क्षणी थांबायचं. तेव्हा घड्याळाकडे बघायचं नाही."

बायकोने ते वाक्य फ्रिजवर लिहून लावलं.

धीर देणारी एक गोष्टही सांगतो. २००० ते २०१० या काळात अमेरिकेत मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन पळणाऱ्या सुमारे एक कोटी नऊ लाख धावकांच्या पाहणीत हृदय बंद पडण्याचे ५९ प्रसंग आढळले. म्हणजे धोका अगदी थोडा आहे. पण आपण कोणत्या गटात मोडतो, हे आधी माहीत असलेलं बरं.

वारीचा धडा

चाळिशीनंतर दर दहा वर्षांना शरीराची प्राणवायू वापरायची क्षमता साधारण दहा टक्क्यांनी उतरते. नियमित व्यायाम करणाऱ्यांत ही उतरण बरीच हळू असते. वेग आधी जातो, चिकाटी त्यामानाने टिकते. त्यामुळे आपल्या वयात भर द्यायचा तो चिकाटीवर.

अठरा आठवड्यांचं वेळापत्रक केलं. आठवड्यातून चारच दिवस पळणं, त्यातला एक दिवस लांब पल्ल्याचा. लांब पल्ला इतका सावकाश, की शेजारच्याशी पूर्ण वाक्यात बोलता आलं पाहिजे. मैल वाढवायचे ते दर आठवड्याला दहा टक्क्यांच्या आसपास, आणि दर चौथ्या आठवड्याला कमी करायचे. दोन दिवस वजनं उचलणं, कारण या वयात स्नायू आपोआप घटतात.

आणि मधे मधे चालायचं! १९७२ चे अमेरिकन ऑलिंपिक धावपटू जेफ गॅलोवे यांनी ही पद्धत लोकप्रिय केली: काही मिनिटं पळा, एखादं मिनिट चाला, अगदी पहिल्या मैलापासून. दमल्यावर चालण्यात अर्थ नाही, दमण्याआधी चालायचं. हे मी फोनवर आईला सांगितलं, तर ती म्हणाली, "अरे, यात नवीन काय? तुझी आजी आळंदीहून पंढरपूरला जायची, ती अशीच. विसावा आला की बसायचं, मग परत चालायचं. धावत सुटणारा माणूस पहिल्या दिवशीच मागे पडतो."

सुमारे अडीचशे किलोमीटरची वारी साठी-सत्तरीची माणसं अठरा-वीस दिवसांत कशी करतात, याचं उत्तर आईने एका वाक्यात दिलं होतं. मी चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असा नेम ठरवला. त्या एका मिनिटाला नाव ठेवलं 'विसावा'.

खिशातली रोकड आणि बँकेतली ठेव

मॅरेथॉनच्या विसाव्या मैलाच्या आसपास जे होतं, त्याला इथे 'वॉल' म्हणतात. स्नायूंत आणि यकृतात साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, ही आपली खिशातली रोकड. ती साधारण दोन हजार कॅलरींची. एक मैल पळायला साधारण शंभर कॅलरी लागतात. म्हणजे वीस मैलांत खिसा रिकामा! चरबी ही बँकेतली ठेव. ती भरपूर असते (काहींची जरा जास्तच), पण निघते सावकाश. तुम्ही सुरुवातीला जितकं जोरात पळाल, तितकी रोकड उडते. सावकाश पळाल, तर ठेवीतून खर्च चालतो. वाटेत थोडं थोडं गोड खाल्लं, तर रोकड अजून थोडी पुरते. मी खजूर आणि मिठाचा कण घातलेले लिंबाचे गूळखडे नेले होते. शर्यतीच्या दिवशी नवीन काही खायचं नाही. जे सरावात पचलं, तेच.

२०२२ साली शर्यत ३० ऑक्टोबरला होती आणि लक्ष्मीपूजन २४ तारखेला! शेवटच्या आठवड्यात पळणं कमी आणि पिष्टमय खाणं जास्त, असं पुस्तकात लिहिलेलं. फराळाचं ताट समोर, आणि मला मुभा! पण शेवटचे दोन दिवस चकली-शेव बंद करून भात, बटाटा, पोहे यांवर राहिलो. तळलेलं पोटात रेंगाळतं.

रविवार, ३० ऑक्टोबर

पेंटॅगॉनजवळ सकाळी तोफ डागून शर्यत सुरू होते. आजूबाजूला हजारो माणसं, ढोल, टाळ्या. माझं ठरलं होतं, मैलाला बारा मिनिटं, विसाव्यासकट. मंडळी, पोटोमॅकवरच्या की ब्रिजवरून जॉर्जटाउनमध्ये उतरलो, तेव्हा घड्याळात अकरापेक्षा कमी होतं! विसावे मी गर्दीच्या जोशात चक्क खाऊन टाकले होते. वाटलं, आज अंगात काहीतरी संचारलंय.

बाराव्या मैलाजवळ हेन्स पॉइंटला 'ब्लू माइल' येतो. रस्त्याच्या कडेला युद्धांत गेलेल्या सैनिकांचे फोटो ओळीने लावलेले. बहुतेक सगळे विशी-तिशीतले. तिथे ढोल थांबतात, बोलणं थांबतं, फक्त बुटांचा आवाज येतो. अर्धं अंतर दोन तास चोवीस मिनिटांत झालं.

संसद भवनाला वळसा घालून चौदाव्या रस्त्याच्या पुलाशी आलो. साधारण विसावा मैल. मैलाला चौदा मिनिटांच्या हिशेबाने हा पूल वेळेत गाठावा लागतो, नाहीतर शर्यत तिथेच संपते. पूल गाठला, आणि त्यावरच माझा खिसा रिकामा झाला. पाय लाकडाचे. डोकं हलकं. पुलावर सावली नाही, प्रेक्षक नाहीत. मनात फ्रिजवरची चिठ्ठी आली. थांबलो. कठड्याला धरून उभा राहिलो. छाती ठीक. जबडा, हात ठीक. श्वास ठीक. ही फक्त साखर संपलेली होती. दोन खजूर खाल्ले, घोटभर पाणी घेतलं आणि चालायला लागलो. डोकं पाच मिनिटांत ताळ्यावर आलं. आलं नसतं, तर तिथल्या वैद्यकीय तंबूत जाऊन बसायचं मी ठरवलं होतं, आणि ते मनापासून ठरवलं होतं.

पाण्याबद्दलही सांगतो. भीतीपोटी प्रत्येक टेबलावर ग्लासभर पिऊ नका. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये तपासलेल्या धावकांपैकी १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम सामान्य पातळीखाली गेलं होतं, आणि त्याचं एक मोठं कारण म्हणजे अति पिणं. तहान लागेल तसं प्या. आणि दुखतंय म्हणून वाटेत आयबुप्रोफेन घेऊ नका. मूत्रपिंडांवर ताण येतो.

क्रिस्टल सिटीत बायको आणि लेक दिसल्या. बायकोने आधी माझा चेहरा पाहिला, मग विचारलं, "छाती?" मी म्हटलं, "उत्तम. पायच तेवढे गेलेत." मग ती हसली. शेवटी स्मारकाकडे जाणारा छोटासा चढ, आणि वर एका तरुण मरीनने गळ्यात पदक घातलं. पाच तास वीस मिनिटं. ठरलेल्या वेगाने पळालो असतो, तर पाच तास चौदा झाले असते! पहिल्या अर्ध्यात कमावलेली मिनिटं दुसऱ्या अर्ध्यात सव्याज परत गेली.

संध्याकाळी आईला फोन केला. "पहिला आलास का?" "नाही गं. बराच मागे." "मग धड आलास ना?" "हो." "मग झालं तर."

त्यानंतर मी आणखी दोन मॅरेथॉन पळालो, दोन्ही सावकाश, दोन्ही विसाव्यांसकट. गोळी चालू आहे, वर्षाची तपासणी चुकवत नाही. आता मी बाबांच्या वयाच्या पुढे गेलो आहे. दर वाढदिवसाला मला ते जाणवतं.

तर मंडळी, मॅरेथॉन पळाच, असा माझा आग्रह नाही. पण चाळिशी ओलांडली असेल आणि घरात कोणी असं अवेळी गेलं असेल, तर या महिन्यात डॉक्टरांची वेळ घ्या आणि घरचा इतिहास त्यांना न लपवता सांगा. मग बूट घ्या. एका खांबापासून दुसऱ्या खांबापर्यंत पळून बघा, आणि दमण्याआधी थांबा. पुढचा खांब कुठे जात नाही!